बार गळ्यावर आला तेव्हा

वजनाची भीती मला कधी वाटली नाही. भीती वाटायची ती वजन अंगावर घेऊन खाली बसण्याची. वेटलिफ्टिंग म्हणजे नुसतं उचलणं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण बार जमिनीवरून वर खेचला की त्याच्याखाली झटकन उकिडवं बसावं लागतं, तो खांद्यांवर पुढच्या बाजूने झेलावा लागतो आणि मग त्याला घेऊन उठून डोक्यावर न्यावं लागतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं सेलूला किराण्याचं दुकान. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. मी अकरावीपासून एसटीने वर्ध्याला कॉलेजात जायचे. उंचीने मी बाबांच्या वर गेले होते आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्यांना न विचारताच सांगायची, "तिच्या मामाकडची उंची आहे ते." गल्लीतल्या बाया मला शिडी म्हणायच्या. त्याचं मला फार काही वाटत नसे. ज्वारीचं पोतं मी एकटीने ओढत मागच्या खोलीत न्यायचे, आणि बाबा ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

कॉलेजच्या मैदानावर व्हॉलीबॉलचे खांब सिमेंट भरलेल्या टायरांत रोवलेले होते. एकदा त्यातला एक वाटेत आला म्हणून मी तो उचलून बाजूला ठेवला. ते सरांनी पाहिलं. सर कॉलेजचे नव्हते. एका सरकारी कचेरीत नोकरी करायचे आणि सकाळ-संध्याकाळ मैदानामागच्या रिकाम्या गोदामात मुलांना वेटलिफ्टिंग शिकवायचे. तरुणपणी स्वतः राज्यपातळीपर्यंत खेळलेले. बुटके, रुंद, मांड्या झाडाच्या बुंध्यासारख्या. त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, "पाठ दुखते काय?"

"नाई."

"मंग उद्या येजो."

मी गेले. आईला वाटलं व्हॉलीबॉल.

गोदामात लाकडी फळ्यांचा एक प्लॅटफॉर्म होता आणि त्यावर सरांनी पिवळ्या ऑइलपेंटने दोन पावलं रंगवली होती. स्वतःच्याच पायांभोवती पेन्सिल फिरवून काढलेली. येणाऱ्या प्रत्येकाने त्या पावलांत उभं राहायचं, तिथेच बसायचं, तिथूनच उठायचं. बारवर दोन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, हात तिथेच धरायचे. सर सांगायचे ते सोपं असायचं. टाचा उचलायच्या नाहीत, छाती वर, कोपरं वर. बाकी मुली ते करायच्या. आम्ही तेव्हा चार-पाचच जणी होतो, आणि त्यात सगळ्यात चांगली होती ती समुद्रपूरकडची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, हॉस्टेलवर राहायची, घरी गोंडी बोलायची. मी तिला ताई म्हणायचे. ती खाली बसली की पाळण्यात बसल्यासारखी बसायची, पाठ सरळ, चेहरा शांत. तिच्या मांड्या आखूड होत्या, धड लांब होतं. हे मला तेव्हा दिसत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की तिला जमतं आणि मला जमत नाही.

मी त्या पावलांत पाय ठेवून बसायला लागले की अर्ध्यावर गेल्यावर माझं ढुंगण मागे जायचं आणि छाती पुढे कोसळायची. छाती वर ठेवली तर मी मागे पडायचे. सरांनी पाठीला काठी बांधून पाहिली. भिंतीकडे तोंड करून बसवलं. "छाती, छाती," ते म्हणत राहायचे आणि मी भिंतीवर नाक आपटायचे. बार खांद्यांवर घ्यायचा म्हटलं तर आणखीच वेगळी गत. चिकटपट्टीवर हात धरले की माझी कोपरं वर जायचीच नाहीत. माझे कोपरापासून मनगटापर्यंतचे हात लांब. बार खांद्यांवर टेकण्याऐवजी हातांवर लोंबकळायचा, आणि खाली जाता जाता हळूच सरकून गळ्याशी यायचा.

तो गार लोखंडाचा स्पर्श मला रात्री झोपेत जाणवायचा.

सकाळी सेलूहून बसमध्ये बसले की मी मनात म्हणायचे, आज बस बंद पडू दे. कधी पडली नाही. वर्ध्याला उतरून गोदामाच्या दिशेने चालताना वजनाच्या प्लेटा आपटल्याचा आवाज लांबूनच यायचा आणि माझी चाल मंदावायची. गोदामात गेल्यावर मी आधी पाणी प्यायचे, मग बूट बांधायचे, मग ते सोडून पुन्हा बांधायचे. माझी पाळी शेवटी यावी म्हणून मी प्लेटा पुसत बसायचे. सरांना वाटायचं पोरगी कामसू आहे.

सोडून का दिलं नाही? एक म्हणजे, जमिनीवरून बार खेचण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते. माझे लांब हात तिथे कामाला यायचे. नुसतं खेचायचं असलं की ताईसुद्धा काम थांबवून बघायची. त्या दोन-तीन सेकंदांत मला जे वाटायचं ते दुसरीकडे कुठेच वाटत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, मला वाटायचं की भीती ही माझीच खोट आहे. बाकीच्यांना ती नाही, म्हणजे ती सांगण्यासारखी गोष्ट नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधीची गोष्ट. सरांनी त्या संध्याकाळी वजन थोडं वाढवलं. मी बार खेचला, तो छान वर आला, मी त्याच्याखाली गेले आणि तो सरळ गळ्यावर बसला. श्वास आत रोखलेला होता. मी तशीच उठले. उठले हे मला आठवतं. समोरची खिडकी उजळ झाली, मग तिच्या कडा करड्या झाल्या, आणि कुणीतरी दिवा हळूहळू बारीक करावा तसं सगळं बारीक होत गेलं.

मग मला आवाज ऐकू आला. बाईचा आवाज, अगदी कानाशी, घाईघाईने काहीतरी बोलणारा. मला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. शब्द ऐकू येत होते, स्पष्ट येत होते, पण त्यांना अर्थ नव्हता. मी डोळे मिटलेलेच ठेवले. मला वाटलं, माझं डोकं गेलं. आता मला माणसांचं बोलणं कधीच कळणार नाही. आई बोलेल आणि मला कळणार नाही. आयुष्यात इतकी मी त्याआधी कधी भ्याले नव्हते आणि नंतरही नाही.

मग तोच आवाज म्हणाला, "डोळे उघड ना वं. पाह्य माह्याकडं."

ती ताई होती. घाबरून ती गोंडीत बोलत होती, आणि तिला स्वतःलाही ते कळलं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि रडायला लागले. माझ्या हनुवटीतून रक्त येत होतं. बार आधी पुढे पडला होता आणि मी त्याच्यावर पडले होते. सर गुडघ्यांवर बसले होते, हातात ओला रुमाल होता. तो रुमाल माझ्या हनुवटीला लावायचा की कपाळाला, हे त्यांना सुचत नव्हतं.

वर्ध्याजवळ सावंगीला दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने टाके घातले, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, नाव-गाव विचारलं, आणि सगळं ठीक आहे म्हणाला. मग माझ्या गळ्यावरचा लाल पट्टा त्याने बोट लावून बघितला.

"गळ्यावर दाब आला आणि डोक्याकडे जाणारं रक्त क्षणभर अडलं," तो सरांना म्हणाला. "पुढे पडली म्हणून बरं झालं. बार घेऊन मागे पडली असती तर माझ्याकडे टाके घालायचं काम राहिलं नसतं. हा बार सगळ्यांच्याच गळ्यावर येतो का?"

"नाई," सर म्हणाले. "माह्या तर कधीच नाई आला."

"मग हिच्या का येतो?"

बाहेर बाकावर बसून सरांनी स्वतःचे दोन्ही हात समोर बार धरल्यासारखे धरले, कोपरं वर केली, आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. ताईने मला त्यांच्याकडे बघू नको अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर सेलूला आले. मी पडद्यामागे अंथरुणावर होते. आईचा रात्रीच गोंधळ घालून झाला होता. पोरीच्या जातीला हे कशाला, पोटातली पिशवी सरकली तर लग्नानंतर काय, तोंडावर वण राहिला तर कोण करेल, असं सगळं. दुकानातून सरांचा आवाज आला आणि ती स्वयंपाकघरातून तशीच पिठाच्या हातांनी पडद्यापाशी येऊन उभी राहिली.

बाबांनी सरांना स्टूल दिलं. मला वाटलं होतं तसे ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "सर, एक सांगा. पोरगी मेली असती काय?"

मला वाटलं सर नाही म्हणतील. कुणीही नाही म्हणालं असतं.

"मागं पडली असती तर मेली असती," सर म्हणाले.

आईने माझा खांदा घट्ट धरला. बाहेर कुणी गिऱ्हाईक डाळ मागत होतं. बाबांनी डाळ मोजून, पुडी बांधून दिली, पैसे गल्ल्यात टाकले, आणि मगच पुढचं विचारलं.

"दुसऱ्या पोरींले काऊन नाई होत असं?"

"त्या माह्यासारख्या आहेत. बुटक्या. मी हिले माहं शिकवून राह्यलो होतो. हिच्या मांड्या लांब, हात लांब. माह्या पावलात हिचे पाय कसे बसतीन? मले ते दिसाले पाह्यजे होतं. नाई दिसलं."

"मंग आता?"

"आता हिच्यासाठी वेगळं शोधा लागते. मले ते येत नाई अजून. हे खोटं नाई बोलत तुमच्याशी. तुम्ही नाई म्हणा, मी जातो."

बाबा म्हणाले, "तिले विचारा."

आईने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. पडद्याआडून मी म्हणाले, "येईन." का म्हणाले ते आजही नीट सांगता येत नाही. 'येणार नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं एवढं खरं. सरांनी ज्या आवाजात 'मले ते येत नाई' म्हटलं, तो आवाज मी मोठ्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

टाके निघाल्यावर मी गेले तेव्हा प्लॅटफॉर्मवरची पिवळी पावलं खरवडून काढलेली होती. फळ्यांवर नुसते पांढरे ओरखडे होते. मला ते बघून बरं वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. आधी निदान कुठे उभं राहायचं ते ठाऊक होतं. आता ती जागाही नव्हती.

सरांनी शिंप्याची टेप आणली होती. माझी मांडी, पोटरी, धड, हात, सगळं त्यांनी ताईला मोजायला लावलं आणि मग ताईचं मला मोजायला लावलं. मग मला रिकाम्या हाताने बसायला सांगितलं. कसंही, घरी भांडी घासायला बसतेस तशी. मी बसले. पाय आपोआप एकमेकांपासून लांब पडले, चवडे बाहेर वळले, आणि गुडघे बाजूला गेले. सर जमिनीवर आडवे होऊन बाजूने बघत होते. "उठू नको," ते म्हणाले आणि माझ्या पायांभोवती त्यांनी खडूने रेघ ओढली.

ते तिथे संपलं असतं तर बरं होतं. रिकाम्या हाताने जमायचं ते बांबूची काठी घेतल्यावर बिघडायचं. सरांनी पाय आणखी फाकवायला लावले, तर माझा जांघेचा स्नायू दुखावला आणि आठवडाभर मी लंगडत चालले. मग पाय थोडे जवळ आणले आणि टाचांखाली लाकडाच्या पट्ट्या ठेवल्या. टाचा उंच झाल्यावर माझी छाती पहिल्यांदा आपोआप सरळ राहिली. पट्ट्या सरकायच्या म्हणून सरांनी माझे कॅनव्हासचे बूट बाजारातल्या चांभाराकडे नेले. चांभाराने ते उलटेसुलटे करून बघितले आणि विचारलं, "एका पायानं अधू आहे काय पोरगी?" सर म्हणाले, "नाई, दोन्ही पायानं लांब आहे." चांभाराने लाकडाची टाच ठोकून दिली. ते बूट घालून मी पुढची तीन वर्षं खेळले.

हातांसाठी चिकटपट्टी काढून टाकली. मी बार बराच बाहेरून धरायला लागले, आणि झेलताना मूठ सोडून फक्त दोन-तीन बोटं त्याच्याखाली ठेवायची. मग कोपरं वर जायची. शिवाय झेलण्याआधी खांदे कानांकडे उचलायचे, म्हणजे बार खांद्यांच्या मांसावर बसतो, गळा मोकळा राहतो. सांगायला हे दोन ओळींत सांगता येतं. शोधायला आम्हाला पावसाळा गेला.

आणि त्या सगळ्या काळात भीती कमी झाली नाही. वाढली. कारण आता सरही भ्याले होते. मी बार उचलला की ते माझ्या पाठीमागे दोन्ही हात पसरून उभे राहायचे, आणि त्यांचा श्वास मला ऐकू यायचा. शेवटी ताईच एकदा म्हणाली, "सर, तुम्ही समोर जाऊन उभे राहा. तुमच्या भेवानं तिले भेव लागते."

सर समोर गेले. मग म्हणाले, "बार सोडायचं शिकू आधी."

ते आम्हाला कधी शिकवलंच गेलं नव्हतं. वजन पाडणं म्हणजे हार, असं सगळे मानायचे. सरांनी प्लॅटफॉर्मच्या दोन्ही बाजूंना जुने टायर कापून अंथरले आणि मला नुसतं पाडायला लावलं. बार खांद्यांवर घ्यायचा, खाली बसायचं, आणि कोपरं खाली टाकून मागे उडी मारायची. बार पुढे पडतो, आपण मागे. पहिल्या दिवशी मी बार सोडलाच नाही. हात उघडतच नव्हते. मी खाली बसून राहिले, गळ्यापाशी लोखंड, कानांत भुणभुण, आणि सर समोरून शांतपणे म्हणत होते, "सोड. कोणी काई म्हणत नाई. सोड." मी सोडला. केवढा तरी आवाज झाला. मी मागे भुईवर बसले होते आणि मला काहीही झालं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी नुसती वजनं पाडत होते. ताई म्हणायची, तुझ्यापायी जमीन खचते.

ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नागपूरला होती. बाबांनी दुकान बंद ठेवलं, आईला सोबत आणलं. आईने येताना डब्यात पुऱ्या आणल्या होत्या आणि त्या कुणीच खाल्ल्या नाहीत. त्या वर्षी पेपरात बायकांच्या वेटलिफ्टिंगचे फोटो यायला लागले होते, त्यामुळे गर्दी बऱ्यापैकी होती. सरावाच्या जागेत दुसऱ्या एका कॉलेजचा प्रशिक्षक माझं बसणं बघून आपल्या मुलींना हसत म्हणाला, "बेडकी पाहा." सरांनी ऐकलं. ते माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "बेडकी बसते ते बरोबरच बसते."

आतल्या खोलीत माझं नाव पुकारण्याआधी मला ओकारी झाली. ताईने पाठीवरून हात फिरवला. मी तिला विचारलं, "तुले कधी भेव वाटते काय?" ती म्हणाली, "रोज." इतके दिवस आम्ही शेजारी शेजारी वजन उचलत होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

पहिल्या खेपेला बार वर आला, मी खाली गेले, आणि तो जरासा आत सरकून गळ्याला लागला. मी सोडला. सगळ्या सभागृहात तो आवाज घुमला. पंचांनी बाद दिलं. मी परत आले तेव्हा सर म्हणाले, "बरोबर केलं," आणि माझ्या गळ्याला बोट लावून बघितलं.

दुसऱ्या खेपेला मी बार धरून इतका वेळ वाकून उभी राहिले की पंचांच्या घंटीची वेळ जवळ आली. मला समोर तिसऱ्या रांगेत आई दिसली. तिने डोळे मिटून घेतले होते आणि पदर तोंडात धरला होता. मी खेचला. खांदे वर, कोपरं वर, गुडघे बाहेर. खाली बसले तेव्हा गळा मोकळा होता. मी तिथे खालीच एक छोटा श्वास घेतला, फक्त तो घेता येतो का ते बघायला, आणि उठले. डोक्यावर नेताना हात जरा डगमगले, पण पंचांनी मान्य केलं. तिसऱ्या खेपेला वजन वाढवलं आणि ते माझ्या गुडघ्यांच्या वर आलंच नाही.

माझ्या वजनगटातल्या पाच जणींत मी तिसरी आले. ताई तिच्या गटात पहिली आली आणि पुढे खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागली. मी पदवी होईपर्यंत खेळले, कधी दुसरी आले, कधी चौथी. राज्यपातळीवर एकदाच गेले.

त्या दिवशी नागपूरहून परत येताना आम्ही सगळे एकाच एसटीत होतो. सर आणि ताई वर्ध्याला जाणार होते, आम्ही सेलूला उतरलो. बस निघताना सरांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "सोमवारी येजो," ते म्हणाले. मी मान डोलावली आणि तिथेच, स्टँडवर, वाकून बूट सोडून पुन्हा बांधले.

चालता चालता आईने विचारलं, "अजूनही भेव वाटते काय तुले?"

"वाटते."

"मले वाटलं आता गेलं असंन." ती थोडं पुढे गेली, मग थांबली. "मी तं पाह्यलंच नाई. डोळे मिटून होती. तुह्या बाबानं सांगितलं उठली म्हणून."

"पुढच्या वेळी पाह्य ना मंग," मी म्हणाले.

पुऱ्यांचा डबा तिने या हातातून त्या हातात घेतला. बाबा आमच्या पुढे निघून गेले होते. दुकानासमोर दोन गिऱ्हाइकं थांबलेली दिसत होती आणि ते चालता चालताच खिशात किल्ल्या शोधत होते.